गॅरेजसाठी २० टनी हायड्रॉलिक प्रेस घ्यायचा आहे : कोणता घ्यावा आणि सुरक्षितपणे कसा चालवावा? (मर्यादा ४०,००० रुपये)

हर्णेकाठ
नमस्कार. हर्णै बंदराजवळ माझे दुरुस्तीचे छोटे गॅरेज आहे. रिक्षा आणि टेम्पोच्या चाकांची बेअरिंगे काढणे व बसवणे, होड्यांच्या शाफ्टच्या (फिरणाऱ्या दांड्याच्या) गनमेटलच्या बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या काशासारख्या मिश्रधातूच्या नळ्या) बदलणे, इंजिनाच्या पुल्या उतरवणे अशी कामे असतात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, त्यामुळे वर्षाचे निम्मे काम याच दोन महिन्यांत येते. आजवर हे सगळे मी घण आणि पाइपचा तुकडा वापरून करत आलो. गेल्या पंधरवड्यात एक गंजलेले बेअरिंग ठोकत असताना त्याच्या बाहेरच्या रिंगची कपची उडाली आणि समोर उभ्या असलेल्या भाच्याच्या दंडात घुसली. जखम भरली, परंतु ती कपची वीतभर वरून गेली असती तर काय झाले असते, हा विचार मनातून जात नाही.

आता २० टनी प्रेस, म्हणजे तेलाच्या दाबाने २० टनांपर्यंत जोर लावणारे यंत्र, घ्यायचे ठरवले आहे. ४०,००० रुपयांच्या वर जाणे यंदा शक्य नाही. हाताने पंप मारायचा घ्यावा की विजेवरचा? भाचा एकोणीस वर्षांचा आहे आणि तोही प्रेसवर काम करणार आहे, म्हणून कोणती काळजी घ्यावी हे ज्यांनी स्वतः प्रेस चालवला आहे त्यांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

लेथवाला_मिरजोळे
भाऊ, २० टनीच्या फंदात पडू नका. माझ्याकडे सहा वर्षांपासून विजेवरचा ३० टनी आहे, त्याला तेव्हा एक लाखाच्या वर पैसे मोजले आणि आजतागायत एकदाही पश्चात्ताप झालेला नाही. ट्रॉलरच्या शाफ्टवर गंजून बसलेली कपलिंग (दोन शाफ्ट जोडणारा भाग) २० टनांना दाद देत नाही. मग माणूस हँडलला पाइप जोडून जोर लावतो आणि तिथेच अपघात होतो. थोडे थांबा, कर्ज काढा, पण मोठा घ्या.

वाशिष्ठीकाठ
मी चिपळूणचा. विजेवरचा जुना प्रेस मिळाला तर तुमच्या पैशांत बसेल, मात्र जुना घेताना रॅम (वस्तूवर दाबणारा दांडा) पूर्ण बाहेर काढून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. २२ जुलै २०२१ च्या पुरात माझे अख्खे वर्कशॉप पाण्याखाली गेले होते. पाणी ओसरल्यावर प्रेसच्या टाकीतले ऑईल ताकासारखे पांढरे झालेले दिसले. मी ते काढून टाकले, दोनदा धुऊन नवे भरले आणि यंत्र वाचले असे समजलो. प्रत्यक्षात रॅमच्या क्रोमवर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडले होते आणि त्या खड्ड्यांनी पुढच्याच वर्षी सील (तेल अडवणारी रबरी कडी) फाडले. दिलेला दाब टिकेनासा झाला, तेव्हा कुठे मला कारण कळले.

किनाऱ्यावर तर पुराचीही गरज नाही, खारी हवा तेच काम सावकाश करते. काम संपले की रॅम पूर्ण आत घ्यावा, उघडा भाग तेलाच्या फडक्याने पुसावा आणि पावसाळ्यात टाकीचे झाकण घट्ट असल्याची खात्री करावी. ऑईल हायड्रॉलिकचेच भरावे. ब्रेक ऑईल चुकूनही घालू नये, कारण जॅकची सीले त्याने फुगतात आणि मऊ पडतात. ही चूक मी स्वतः एका जॅकच्या बाबतीत केलेली आहे.

देवगड_डिझेल
वरच्या लेथवाल्या दादांशी मी सहमत आहे, ३० टनी आणि विजेवरचाच घ्यावा. ऑईलचा मात्र एवढा बाऊ करू नये. आमच्याकडे वीस वर्षे इंजिन ऑईल घालून जॅक चालतो आहे.

वाशिष्ठीकाठ
मी ब्रेक ऑईलबद्दल बोललो, इंजिन ऑईलबद्दल नाही. इंजिन ऑईलने सील लगेच जात नाही हे मान्य, पण ते दाट असेल तर पंप जड चालतो आणि रॅम हळू परततो. शंभर-दोनशे रुपये वाचवण्यासाठी ते करू नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

निवृत्त_निदेशक
मी आयटीआयमध्ये फिटर विभागात अनेक वर्षे शिकवले आहे. टनांची चर्चा बरीच झाली, परंतु धागा काढणाऱ्यांच्या भाच्याच्या दंडात कपची का घुसली, याकडे कोणी वळलेले दिसत नाही. तेच कारण प्रेसवरही हजर राहणार आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रेसमधले तेल फारसे दबत नाही, म्हणून तेलात साठणारी ऊर्जा तुलनेने थोडी असते. धोका साठतो तो फ्रेममध्ये आणि जॉबमध्ये, म्हणजे दाबायच्या वस्तूमध्ये. २० टनांखाली फ्रेमचे चॅनेल किंचित वाकतात, शाफ्ट किंचित दबतो आणि हे सगळे धनुष्यासारखे ताणून उभे राहते. जॉब सरळ सरकला तर तो ताण हळूहळू उतरतो. जॉब तिरका असेल, चुकीच्या जागी टेकला असेल किंवा फुटला, तर तोच ताण एका क्षणात सुटतो आणि जे सुटे असेल ते बंदुकीच्या गोळीसारखे जाते. बेअरिंगच्या रिंगा कडक केलेल्या पोलादाच्या असतात. त्या वाकत नाहीत, त्या फुटतात. साधी लोखंडी बुश चेपते, बेअरिंगची रिंग मात्र कसलीही सूचना न देता तुकडे होऊन उडते.

म्हणून पहिला नियम असा की दाब छऱ्यांमधून जाऊ देऊ नये. बेअरिंग शाफ्टवर बसवताना आतल्या रिंगवर दाबावे आणि हाउसिंगमध्ये (बेअरिंग बसायच्या पोकळीत) बसवताना बाहेरच्या रिंगवर दाबावे. शाफ्टवरून काढताना दोन अर्धुकांची स्प्लिट प्लेट आतल्या रिंगच्या खाली घालून आधार द्यावा. जागा नसल्यामुळे बाहेरच्या रिंगवरच आधार द्यावा लागला, तर ते बेअरिंग फुटणार असे धरूनच काम करावे : त्यावर जाड गोणपाट आणि त्याच्यावर पोलादी नळीचा तुकडा किंवा पिंजरा असावा, आणि माणूस प्रेसच्या समोर न राहता फ्रेमच्या खांबाच्या आडोशाला बाजूला उभा राहावा. साधा चष्मा पुरेसा नाही. बाजू बंद असलेला सुरक्षा चष्मा आणि त्यावर चेहऱ्याची ढाल हवी. प्रेसच्या पुढे जाड पॉलिकार्बोनेटचा (चिवट पारदर्शक प्लास्टिकचा) पडदा बसवावा. ॲक्रिलिक लावू नये, ते स्वतःच फुटते.

दुसरा नियम गेजचा, म्हणजे दाब दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाचा आहे. रॅमचा व्यास ६० मिलिमीटर असेल तर त्याचे क्षेत्रफळ साधारण २८ चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे २० टनांना गेजवर दर चौरस सेंटिमीटरला ७०० किलोच्या आसपास दाब दिसला पाहिजे. आपल्या रॅमचे माप घेऊन हा आकडा काढावा आणि गेजच्या काचेवर तिथे लाल रेघ मारावी. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे काटा चढतो आहे आणि जॉब जागचा हलत नाही, असे दिसताच हात थांबवावा, दाब सोडावा आणि मगच जवळ जाऊन कारण शोधावे. बहुतेक वेळा आत सर्कलिप (भाग जागेवर अडवून धरणारी स्प्रिंगची कडी) राहिलेली असते. सर्कलिप न काढता जोर वाढवणारी मुले मी वर्गात किती पाहिली, याची गणती नाही. सेफ्टी व्हॉल्व्हचा स्क्रू कोणी पिळू नये, हे वेगळे सांगायला नको.

तिसरी गोष्ट प्रेसबरोबर मिळणाऱ्या खाचांच्या प्लेटांची. त्या बिडाच्या असतील तर वापरू नयेत. बीड दाबाला चांगले टिकते, परंतु मधोमध वाकवणारा भार आला की तडकते. २५ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्ट्या कापून घ्याव्यात.

यंत्राबद्दल म्हणाल तर दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबावी लागणारी बटणे असलेला विजेचा प्रेस मी सुचवेन, कारण त्यात हात आपोआप बाहेर राहतात. हातपंपावरचे जे वाईट अपघात मला माहीत आहेत, त्यांत एक जण हँडल मारत होता आणि दुसरा बोटांनी जॉब धरून होता.

देवगड_डिझेल
निदेशक सरांनी सर्व मुद्दे छान मांडले. मीही तेच म्हणत होतो, विजेवरचा घ्या.

गुहागरची_परिचारिका
मी यंत्रातली जाणकार नाही, पण शस्त्रक्रिया विभागात काम केलेले असल्यामुळे एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. पंप वेगळा आणि होजने (लवचीक नळीने) जोडलेला असेल तर होजला पडलेले टाचणीएवढे छिद्रही फार घातक असते. त्यातून निघणारी तेलाची धार त्वचा भेदून आत शिरते. आमच्याकडे असा एक तरुण आला होता. गळती कुठे आहे हे पाहण्यासाठी त्याने होजवरून बोट फिरवले होते. बोटावर फक्त एक लाल ठिपका होता, दुखतही फारसे नव्हते, म्हणून तो रात्रभर घरी थांबला. सकाळी तळहात सुजून काळानिळा झाला होता आणि अखेर त्याचे बोट काढावे लागले.

गळती शोधायची असेल तर दाब पूर्ण उतरवावा, आणि दाबाखालीच पाहणे भाग असेल तर लांबून पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा. हातमोजे ही धार अडवू शकत नाहीत. टोचल्याची शंका जरी आली तरी जखम चोळू नये आणि रुग्णाला खायला-प्यायला देऊ नये, कारण भूल द्यावी लागण्याची शक्यता असते. ताबडतोब जिथे शल्यचिकित्सक आहेत तिथे न्यावे आणि ‘दाबाखालचे तेल हातात शिरले आहे’ हे शब्द स्पष्ट सांगावेत, नाहीतर धनुर्वाताचे इंजेक्शन देऊन घरी पाठवले जाते. आपल्याकडची अंतरे पाहता कुठे जायचे आहे ते आधीच ठरवून तो दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा.

लेथवाला_मिरजोळे
ताईंचे म्हणणे योग्य आहे, पण हातमोजे घालूच नयेत असा कोणी अर्थ काढू नये. कापलेल्या कडांसाठी ते लागतातच.

निवृत्त_निदेशक
जॉब लावताना आणि उचलताना घट्ट बसणारे मोजे चालतील. लोंबणारे कापडी मोजे नकोत. याहून अधिक वाद त्यात नाही.

मालवणी_शाफ्ट
होडीच्या बुशसाठी इतक्या टनांची गरजच काय, असा माझा प्रश्न आहे. आमच्या बंदरात बर्फ मुबलक आहे. बुश बसवायच्या आदल्या रात्री ती बर्फ आणि जाड मिठाच्या डब्यात पुरून ठेवतो. ५० मिलिमीटर व्यासाची गनमेटलची बुश ४० अंशांनी थंड केली तर साधारण ०.०३६ मिलिमीटर आकसते. आकडा लहान दिसतो, पण दाबून बसवायच्या मापात तेवढाच फरक निर्णायक ठरतो. बाहेर काढल्यावर कोरड्या फडक्याने दव पुसायचे आणि झटपट सरळ बसवायची. प्रेसला मग नावापुरता जोर लागतो, आणि जोर कमी तेवढा धोका कमी. शाफ्टवर बसणाऱ्या बेअरिंगला उलट ऊब द्यावी, मात्र ११० अंशांच्या वर नेऊ नये आणि गॅसची ज्योत थेट लावू नये. रबरी सील असलेले बेअरिंग तेलात तापवू नये.

प्रेस मात्र विजेवरचाच घ्या, हातपंपाने पावसाळ्यात खांदे भरून येतात.

हर्णेकाठ
सर्वांचे मनापासून आभार. तीन दिवस सगळी उत्तरे पुन्हा पुन्हा वाचली, भाच्याला शेजारी बसवून मोठ्याने वाचून दाखवले आणि आज निर्णय घेतला. आपणा सर्वांच्या मताविरुद्ध मी २० टनी, फ्रेममध्येच जॅक बसवलेला हातपंपाचा नवा प्रेस घेतो आहे.

कारणे सांगतो, म्हणजे आपल्या सल्ल्याचा अनादर झाला असे वाटू नये. माझ्या पैशांत दोन बटणांचा विजेवरचा नवा प्रेस येत नाही, आणि येतो तो पायाच्या पेडलवरचा, ज्यात दोन्ही हात मोकळे राहतात. निदेशक सरांनी जो धोका सांगितला, तोच त्यात आहे. जॅक फ्रेममध्येच असल्याने बाहेर होज नाही, त्यामुळे ताईंनी सांगितलेली भीती बरीच कमी होते. तिसरे म्हणजे हँडल जड होत चालले की ते हाताला कळते, आणि हात थांबला की दाब वाढायचा थांबतो. भाच्याला शिकवताना मला हेच हवे आहे.

हँडल मारणारा आणि जॉब पाहणारा माणूस एकच असेल, दुसरा फ्रेमपासून चार पावले दूर राहील, असा नियम केला आहे. जॉब हाताने धरावा लागला तर तो नीट बसलेलाच नाही असे समजायचे आणि पुन्हा बसवायचा. उरलेल्या पैशांत पॉलिकार्बोनेटचा पडदा, दोन ढाली आणि पोलादी पट्ट्या घेतो. बुश बर्फात ठेवून बसवायच्या. कपलिंग २० टनांना हलली नाही तर ती मिरजोळ्याला पाठवीन, हँडलला पाइप लावणार नाही.

एकच शंका उरली आहे. जागा कमी असल्यामुळे प्रेस दरवाज्यासमोर ठेवला तर चालेल का?

निवृत्त_निदेशक
दरवाज्यासमोर ठेवू नका. समोरून येणारे गिऱ्हाईक थेट मार्‍यात येते. कोपऱ्यात, प्रेसचे तोंड कोऱ्या भिंतीकडे राहील आणि मध्ये तुम्हाला बाजूने उभे राहता येईल एवढी जागा सुटेल, असा ठेवा. चिऱ्याच्या जमिनीत नुसते बोल्ट ठोकले तर ते काही महिन्यांत ढिले होतात, म्हणून खाली काँक्रीटचा ठोकळा ओतून त्यात बोल्ट बसवा. आणि बेड (जॉब ठेवायचा आडवा आधार) वर-खाली केल्यावर दोन्ही बाजूंच्या पिना एकाच उंचीच्या भोकांत पूर्ण आत गेल्या आहेत, हे दर वेळी वाकून डोळ्यांनी पाहा. एक पिन एक भोक खाली राहिली तर बेड तिरका होतो, आणि तिरका बेड वरून पाहताना सहसा दिसत नाही.

हर्णेकाठ
कोपऱ्यातला लाकडाचा ढीग आजच हलवला. ठोकळा ओतल्यावर आठ दिवस सुकू देतो आणि मगच फ्रेम उभी करतो.