उडत्या तबकड्या: सगळीच फेकाफेकी, की काहीतरी असतं?

रातकिडा
मंडळी, एक भांडण सोडवून द्या. मेव्हण्याने फॅमिली ग्रुपवर क्लिप टाकली, काळ्या आकाशात तीन दिवे, मागे कोणीतरी किंचाळतंय आणि कॅमेरा इतका हलतोय की बघणाऱ्याला गरगरावं. मी लिहिलं की हे बनावट आहे, तर तो चिडला, म्हणे तू होतास का तिथे. आता गोची अशी आहे की दोन वर्षांपूर्वी मी स्वतः गच्चीवरून एक प्रकार पाहिलाय. अंधार पडून थोडाच वेळ झाला होता, वीस-पंचवीस ठिपके एका ओळीत, आवाज नाही, लुकलुक नाही, सरळ वर चढत आले, डोक्यावरून पुढे गेले आणि मग एकेक करून विझले. कोणाला बोललो नाही, उगाच हसतील म्हणून. तर प्रश्न असा, की हे बघणारे सगळे थापाडे असतात का? तसं असेल तर मी कोण?

खोचकराव
सगळी फेकाफेकी. 2009 साली न्यूजर्सीत आकाशात लाल दिवे दिसायला लागले, टीव्हीवाल्यांनी डोक्यावर घेतलं, तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांनीही गूढ आहे म्हणून मान डोलावली. मग 1 एप्रिलला दोन पोरांनी स्वतःच सांगून टाकलं की हेलियमच्या फुग्यांना फ्लेअर, म्हणजे जळत्या कांड्या, बांधून आम्हीच सोडत होतो. कोर्टात दंडही भरला बिचाऱ्यांनी. विषय संपला.

वैनतेय
@खोचकराव एवढ्यात कसा संपेल? त्या पोरांनी फुगे सोडले म्हणून अमेरिकन नौदलाचे पायलटही फुगेच सोडतात का? नोव्हेंबर 2004, कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रावर निमिट्झ या विमानवाहू जहाजाची दोन लढाऊ विमानं, कमांडर डेव्हिड फ्रेव्हर आणि त्याच्यासोबतचे लोक, सगळे सांगतात की पांढरी, पंख नसलेली, लांबट गोळीसारखी वस्तू पाहिली. पेंटॅगॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, 2020 मध्ये अशा प्रकारांचे तीन व्हिडिओ अधिकृतपणे सोडले. 2021 च्या सरकारी अहवालात 144 घटना होत्या, त्यातली खात्रीने उलगडली फक्त 1. हे सगळे थापा मारतात?

गच्चीवरचा
तुम्ही दोघं एकाच चुकीच्या दारावर धडका मारताय. खरं की थाप, एवढे दोनच खण केले की तिसरा राहून जातो, आणि बहुतेक माल त्या तिसऱ्यातच असतो: माणूस प्रामाणिक, दिसलं तेही खरं, फक्त लावलेला अर्थ चुकला.

असे प्रकार तपासणारं अमेरिकेच्या हवाई दलाचं प्रोजेक्ट ब्लू बुक 1952 ते 1969 चाललं. एकूण नोंदी 12,618, त्यात शेवटपर्यंत न उलगडलेल्या 701. बाकीच्यांत ठरवून केलेले बनाव थोडेच, बरेचसे तारे, ग्रह, फुगे, विमानं. आणि 'न उलगडलेलं' म्हणजे 'ओळखता आलं नाही', 'परग्रहावरून आलं' नव्हे. वैनतेय, तुमच्या त्या 1 चं काय निघालं माहितीये का? हवा जात चाललेला मोठा फुगा.

आता 'गो फास्ट' नावाचा व्हिडिओ घ्या, पेंटॅगॉनच्या त्या तिनातलाच. पाण्यालगत काहीतरी सुसाट चाललंय असं वाटतं, पायलटही ओरडतात. पण आकडे स्क्रीनवरच आहेत की! विमान 25,000 फुटांवर, कॅमेरा साधारण 26 अंश खाली वळलेला, वस्तू 4.4 नॉटिकल मैल लांब. शाळेतली त्रिकोणमिती लावली तर ती पाण्यालगत नाही, साधारण 13,000 फुटांवर निघते. म्हणजे पळतोय तो मागचा समुद्र, आणि तोही आपलंच विमान पळतंय म्हणून. नासाच्या 2023 च्या समितीनेही हे गणित करून वेग ताशी 40 मैलांच्या आसपास काढला, तेवढ्याने तर वाराही नेतो. पायलट खोटं बोलले का? अजिबात नाही. फसले.

फ्रेव्हरचं मात्र मला अजून कोडं आहे, मान्य करतो. पण त्याने डोळ्यांनी पाहिलं ते त्या तिनातल्या 2004 च्या व्हिडिओत नाहीये, तो नंतर गेलेल्या दुसऱ्या विमानातून काढलेला आहे. लोक दोन्हीची खिचडी करतात.

मुक्ताफळे
'तबकडी' हा शब्दच मुळात घोटाळ्यातून आलाय. 1947 मध्ये केनेथ अर्नोल्ड या अमेरिकन वैमानिकाने विमानातून नऊ वस्तू पाहिल्या आणि सांगितलं, की पाण्यावर बशी फेकून भाकऱ्या काढाव्यात तशा त्या उसळत होत्या. तो सांगत होता चाल, पेपरवाल्यांनी छापला आकार. त्यानंतर लोकांना दिसल्या त्या तबकड्याच.

माझी फजिती पण सांगते. रात्री गाडीत होते, झाडांमागून एक झगझगीत दिवा आमच्याबरोबर येतोय, गाडी थांबली की तोही थांबतो. नवऱ्याला म्हटलं पाठलाग होतोय आपला! उतरून तो दिवा एका खांबाच्या कडेशी जुळवला आणि बघत बसले तर पठ्ठ्या जागचा हलेना. शुक्र होता. काळ्या आकाशात एकटा ठिपका टक लावून पाहिला की तो सरकल्यासारखा वाटतो, डोळ्याला धरायला बाजूला काहीच नसतं ना.

वैनतेय
ठीक, पण 701 तर 701. शून्य नाही.

गच्चीवरचा
नाहीच. म्हणूनच मी 'विषय संपला' म्हणत नाही, ते खोचकरावांचं खातं.

@रातकिडा, तुमचे ठिपके पश्चिमेकडून आले का? आणि विझले ते सगळे आकाशातल्या एकाच जागी पोचल्यावर, की कुठेही?

रातकिडा
हो हो, मावळतीकडूनच! आणि एकाच जागी, एक विझला की मागचा तिथे पोचून विझायचा. अंगावर काटा आला होता तेव्हा.

गच्चीवरचा
मग स्टारलिंक, म्हणजे इलॉन मस्कच्या कंपनीचे इंटरनेटचे उपग्रह. एका रॉकेटमधून डझनावारी उपग्रह सोडतात, सुरुवातीचे काही दिवस ते असे माळेत फिरतात, 2019 पासून चालू आहे. आपल्याकडे अंधार पडला तरी तेवढ्या उंचीवर ऊन असतं, त्यात ते चमकतात, आणि पृथ्वीच्या सावलीत शिरले की गप. सावलीची कड एकच, म्हणून विझायची जागा एकच. तुम्ही पाहिलं ते अगदी नीट पाहिलं, आणि क्रमाने सांगितलं म्हणून तर ओळखता आलं.

मेव्हण्याकडे मूळ फाइल मागा, तारीख, वेळ, दिशा, कुठून काढली. त्याशिवाय त्या तीन दिव्यांवर काही बोलू नका, बनावट असंही नाही.

रातकिडा
मागितली. म्हणतोय त्यालाही फॉरवर्डच आलीय, आणि ज्याने पाठवली त्याला पण.

खोचकराव
😂