सरस्वतीबाईंचा वाटा
माणूस अखेर कर्तृत्वानेच ओळखला जातो, हे नेहमी ऐकू येणारे मत मला अर्धेच पटते. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. पण कच्च्या फिल्मच्या कडांना अंधारात छिद्रे पाडणाऱ्या, चित्रीकरणाच्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करणाऱ्या आणि भांडवलासाठी अंगावरचे दागिने काढून देणाऱ्या पत्नी सरस्वतीबाई पाठीशी नसत्या, तर ते कर्तृत्व घडले असते का, याची मला शंकाच आहे. फाळक्यांच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो, आणि ते योग्यच आहे. मात्र ‘पत्नीची मोलाची साथ लाभली’ हे एकच वाक्य सत्कारसमारंभात, तेही बहुधा आभारप्रदर्शनाच्या घाईत, उरकून टाकण्याची आपली रीत मला तरी कोती वाटते.