भाऊ ट्रेनिंगमधून परत आलाय. कागदावरचा ‘अनलाइकली’ शब्द काढून घेता येतो का?

कुळागरातली

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, वाळपईहून आत आमचं गाव. धाकटा भाऊ अग्निवीर म्हणून लागला तेव्हा वाड्यावर पेढे मीच वाटले होते, त्यामुळे आता विचारायलाही मीच आले. ट्रेनिंगच्या एकविसाव्या आठवड्यात त्याला घरी पाठवला, कसम परेडच्या (शपथविधीच्या) आधी. आठ महिने झाले.

झालं असं की नवव्या-दहाव्या आठवड्यात उजवी नडगी दुखायला लागली. हा गप्प राहिला, कारण सिक रिपोर्ट केला की उस्ताद, म्हणजे ट्रेनिंग देणारे, बहाणेबाज म्हणतात आणि बरोबरची पोरंही हसतात. लंगडायला लागला तेव्हा एमएचमध्ये (मिलिटरी हॉस्पिटलमध्ये) नेला. पहिल्या एक्स-रेत काही नाही, दुसऱ्यात हाडाला बारीक चीर. आराम दिला, मागच्या बॅचमध्ये टाकला (तिथे त्याला रेलिगेट म्हणतात), परत धावायला लावला. नापास. परत नापास. मग एक दिवस दोन-तीन कागदांवर सह्या घेतल्या, रेल्वेचं वॉरंट (सरकारी प्रवासाचा कागद) हातात दिलं आणि विषय संपला.

कागद इंग्रजीत आहे. कॅरॅक्टरच्या चौकटीत ‘गुड’. कारणाच्या चौकटीत ‘अनलाइकली टू बिकम ॲन एफिशियंट सोल्जर’, म्हणजे हा चांगला सैनिक होण्यातला नाही. खाली आर्मी रूल तेरा, आयटम चार. बाबांना इंग्रजी येत नाही. गोल शिक्का बघून त्यांना वाटलं सर्टिफिकेट मिळालं, बाजारात नेऊन लॅमिनेट करून आणलं आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. मी संध्याकाळी कामावरून आले आणि वाचलं. अजून त्यांना सांगितलेलं नाही.

चवथीला गणपतीवरच्या माटोळीखाली बसून मामाने विचारलं, ‘रजा कधी संपते रे?’ हा उठला आणि ‘कुळागरात पाणी सोडून येतो’ म्हणून पोफळीच्या बागेकडे गेला. बाहेर धो धो पाऊस. त्याची काळी ट्रंक पलंगाखाली आहे, पांढऱ्या रंगातलं नाव आणि नंबर भिंतीच्या बाजूला करून.

आता सरकारी भरतीचा एक फॉर्म भरायचाय. त्यात विचारलंय, पूर्वी सरकारी नोकरीतून काढलंय का. ही बडतर्फी धरायची का? आणि पाय मोडला म्हणून परत आलेल्याच्या कागदावर ‘होण्यातला नाही’ हा शब्द राहतो, तो बदलायला कुठे अर्ज करायचा? उशीर झालाय का?

घाटमाथा

ताई, एकवीस आठवडे म्हणजे काय नोकरी झाली का? रकाना कोरा सोडा. कोण बघतोय. माझ्या मित्राने तसंच केलं, काही झालं नाही.

जुना_उस्ताद

घाटमाथा, असले सल्ले देऊ नका हो, पोराचं वाटोळं होईल.

बाय, मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, आता डिचोलीला असतो. तीन वर्षं रिक्रूटांना शिकवायला होतो, म्हणजे तुझा भाऊ ज्यांना घाबरून गप्प बसला त्यातलाच मी एक. बडतर्फी म्हणजे डिसमिसल, ती शिक्षा असते. ह्याला डिस्चार्ज झालाय. त्याने शपथ घेतलेली नव्हती, म्हणून आयटम चार. शपथ न झालेला कुठल्याही कारणाने घरी जाऊ दे, स्वतः अर्ज करून, आजारी पडून किंवा नापास होऊन, सगळे त्याच एका खणात. ‘अनलाइकली’ हा अशा कागदांवरचा ठरलेला शब्द आहे, तुझ्या भावासाठी कोणी मुद्दाम बसून लिहिलेला नाही. एवढं तरी त्याला सांग.

नडगीचं म्हणशील तर लष्करी डीएमएस बूट घालून सिमेंटवर पाय आपटायची सवय नसलेल्या पोरांना हे होतंच. आपल्याकडची पोरं लाल मातीत अनवाणी वाढलेली. दर बॅचला दोन-चार तरी असायची. आराम मिळाला की बहुतेक बरी व्हायची. घाईने परत पळवली की तीच चीर परत उघडायची. घाई का व्हायची हे मी इथे लिहीत नाही, समजणाऱ्याला समजेल.

मला एक सांग, मेडिकल बोर्ड, म्हणजे डॉक्टरांच्या मंडळासमोर तपासणी, झाला होता का? की एमएचमधून थेट बॅरक, आणि बॅरकमधून घर?

कुळागरातली

बोर्ड हा शब्द त्याला माहीतच नाही. डॉक्टरनी चिठ्ठी दिली आणि ‘जा’ म्हणाले एवढंच आठवतंय. सही केलेल्या कागदांची प्रत दिलेली नाही.

फोंड्याचा_वकील

मी रोज लष्करी खटले चालवत नाही, पण दोन-तीन हाताळलेत. ताई, तुमच्या बाबांच्या लॅमिनेशनपासूनच सुरुवात करतो, कारण मुद्दा तिथेच आहे. आर्मी ॲक्ट १९५०, कलम २३. सेवेतून मुक्त केलेल्या माणसाला कमांडिंग ऑफिसरने दाखला द्यायचा असतो, त्याच्या मातृभाषेत आणि शिवाय इंग्रजीत. दाखल्यात तीन गोष्टी हव्यात: कोणी काढलं, का काढलं, किती सेवा झाली. म्हणजे बाबांना वाचता येईल असा कागद हा तुमचा हक्कच होता. भरतीच्या फॉर्मवर मातृभाषा काय लिहिलीय ते बघा. कोंकणी की मराठी यावर आपण गोव्यात जन्मभर भांडू, पण इथे जे लिहिलंय तेच चालेल. ह्याने केस जिंकत नाही. कागद नीट दिले नाहीत एवढं दिसतं, आणि अर्जाची सुरुवात करायला ते चांगलं. लॅमिनेशन सोलू नका, शाई निघते. वरूनच झेरॉक्स काढा.

आधी माहिती अधिकार. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, अर्जावर सही भावाचीच हवी. दुसऱ्याने मागितलं तर खाजगी माहिती म्हणून नाकारतात. एमएचची केस शीट, सिक रिपोर्टच्या नोंदी, रेलिगेट केल्याचे आदेश, चाचण्यांच्या तारखा आणि निकाल, दिलेल्या लेखी ताकिदी, आणि सही घेतलेले ते कागद, एवढं सगळं एकाच अर्जात मागा. उत्तराला ३० दिवसांची मुदत. नाही आलं तर पहिलं अपील.

मग निवेदन. ट्रेनिंग केंद्राच्या कमांडंटच्या नावे, प्रत रेकॉर्ड ऑफिसला, स्पीड पोस्टाने. मागणी स्पष्ट हवी: डिस्चार्जचा आदेश रद्द करा, मेडिकल बोर्ड करा, आणि कारण त्याप्रमाणे लिहा. ‘शब्द बदला’ एवढंच मागाल तर कारकून फाईलला लावून मोकळा होईल. ते नाकारलं की सहा महिन्यांत सशस्त्र सेना न्यायाधिकरण. गोवा त्यांच्या मुंबई खंडपीठाखाली येतो. सहा महिने उत्तरच आलं नाही तरी पुढच्या सहा महिन्यांत जाता येतं. तुमचे आठ महिने गेलेत, तर उशीर माफ करण्याचा अर्ज जोडायचा. कागद फक्त इंग्रजीत होता, बाबांना वाचता आला नाही, हे कारण तिथे प्रामाणिकपणे लिहा.

आता कडू भाग. रिक्रूट चांगला सैनिक होईल की नाही ह्या मतात न्यायाधिकरण सहसा हात घालत नाही. ते बघतात ते एवढंच की ताकीद दिली होती का, संधी दिली होती का, आणि आजारपणाला नालायकी म्हटलंय का. तुमचा जोर त्या तिसऱ्यावर. २०१४ चा सुप्रीम कोर्टाचा सुखविंदर सिंग यांचा निकाल वाचा. तोही रिक्रूटच, ऐकू कमी येतं म्हणून घरी पाठवलेला. भरतीच्या वेळी जो दोष नोंदवला नाही तो नंतर आला असं धरायचं, आणि उलट सिद्ध होत नाही तोवर तो सेवेमुळेच, असं कोर्टाने म्हटलंय. पण ती केस पेन्शनची होती. अग्निवीराला पेन्शन नाही, आणि अपंगत्वाची एकरकमी मदत ठराविक टक्केवारीच्या वरच मिळते. जुळलेली नडगी तिथवर सहसा पोचत नाही. पैशांच्या आशेने जाऊ नका.

फॉर्मबद्दल: बडतर्फी विचारली असेल तर ‘नाही’. आधीची सेवा किंवा डिस्चार्ज विचारला असेल तर ‘होय’, कारणासकट. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये अवतार सिंग यांच्या प्रकरणात पडताळणीच्या फॉर्मवर माहिती दडवण्याबद्दल सविस्तर लिहिलंय, घाटमाथांच्या मित्राला वाचायला द्या. आणि भाऊ पुन्हा सैन्यभरतीत उभा राहिला तर तिथे खोटं उत्तर हा आर्मी ॲक्टखाली गुन्हाच आहे, पाच वर्षांपर्यंत कैद.

घाटमाथा

बरं, चुकलो. मित्राला फोन करतो.

जुना_उस्ताद

वकीलसाहेबांनी सगळं सांगितलं. माझं एकच. बाय, त्या ट्रंकेत बघ. पोरं एमएचची चिठ्ठी फेकत नाहीत, कारण गार्ड कमांडरला दाखवावी लागते. ‘अटेंड-सी’ लिहिलं असेल तर पूर्ण आराम, त्याला कोणी पळवायचंच नव्हतं. किती दिवस दिलेत ते वाच, आणि पळवल्याची तारीख भावाला विचार. तो रागावेल, विचार तरी.

कुळागरातली

विचारलं. रागावला नाही. ट्रंक त्यानेच ओढून काढली. चिठ्ठी पीटीच्या बुटात, मोज्यात गुंडाळून ठेवलेली. अटेंड-सी, सहा आठवडे. पहिली चाचणी कधी झाली विचारलं तर लगेच म्हणाला, ‘सव्वीस दिवसांनी. मी मोजत होतो.’

दोन्ही बाजूंचे फोटो काढलेत. उद्या दुपारच्या सुट्टीत पोस्टात जाते. बाबा आत्ता विचारत होते की त्या सर्टिफिकेटचे एवढे झेरॉक्स कशाला. अर्जाचा मराठी मसुदा आज रात्री त्यांनाच वाचायला देणार आहे.