घरचे सगळे (गुहागर-चिपळूण): काकांचं रात्रीचं पित्त

काकू: काल रात्री २ वाजता ह्यांच्या अंगावर परत पित्त उठलं. पाठ, पोट, मांड्या, नुसत्या गांधी. आमसुलं भिजवून चोळली, पहाटे उतरलं. शिमग्यातही असंच झालं होतं.

आत्या: उन्हातून येऊन गार पाणी प्यायलं की होतंच. सार दे.

रूपा: काकू, रात्री जेवण काय होतं?

काकू: मटणवडे. साडेआठला जेवलो. शिमग्यातही मटणच होतं गं, पण जेवल्यावर बरे होते. मासे, कोंबडी तर नेहमीच खातात.

रूपा: मग हे साधं पित्त समजू नका. बकरा, डुक्कर, गुरं यांच्या मांसात अल्फा-गॅल नावाची साखर असते. माशांत, कोंबडीत ती नसते. तिची ॲलर्जी असली तर त्रास २ ते ६ तासांनी होतो, म्हणून मटणावर कोणाचा संशयच जात नाही. अमेरिकेत डॉ. थॉमस प्लॅट्स-मिल्स यांच्या गटाने २००९ मध्ये यावर लिहिलं. मूळ बहुतेक वेळा गोचीड चावण्यात असतं. काका, तुम्हाला कधी चावली होती?

काका: श्रावणात गोठा साफ करताना काखेत चिकटलेली. रॉकेल लावून ओढली. अजून तिथे हरभऱ्याएवढी गाठ आहे, खाजते.

रूपा: डॉक्टरांना हे आधी सांगा. जेवणाची नि पित्त उठल्याची वेळही कागदावर लिहून न्या.

दादा: मग सगळ्या ॲलर्जीचं मोठं पॅकेजच करूया ना?

रूपा: नको रे. मी रोज लॅबमध्ये रक्त काढते, लोक हजारो रुपये घालवतात आणि हवी ती तपासणी त्यात नसतेच. आयजीई म्हणजे ॲलर्जीत रक्तात वाढणारी अँटीबॉडी; नुसत्या टोटल आयजीईवरून, म्हणजे तिच्या एकूण प्रमाणावरून, मटणाचं काही कळत नाही. चिठ्ठीवर ‘अल्फा-गॅल आयजीई’ असंच लिहून घ्या. आणि पॉझिटिव्ह आलं म्हणजे ॲलर्जी ठरली असंही नाही. रानात काम करणाऱ्या कित्येकांचं पॉझिटिव्ह येतं, पण मटण त्यांना बाधत नाही. रिपोर्ट आणि त्रास दोन्ही जुळवून डॉक्टर ठरवतील.

काकू: सोमवारी पहिल्या एसटीने येतो. उपाशी यायचं ना?

रूपा: गरज नाही, चहा-नाश्ता करून या. पण काकू, घसा आवळला, धाप लागली किंवा चक्कर आली तर आमसुलं बाजूला ठेवा आणि रात्र असली तरी तडक दवाखाना गाठा. माझ्या पोटात गोळा आलाय तुमचा मेसेज वाचून.

काकू: बरं. फ्रीजमध्ये रस्सा उरलाय, फोडी काढून ह्यांना नुसता रस्सा वाढू का?

रूपा: नको, रस्साही नको. शिजवल्याने ती साखर जात नाही.