मदत हवी आहे: हॉर्सरॅडिश नाकात चढतच नाही (तातडीचं)

कीसमकीस
मंडळी, घरचं हॉर्सरॅडिश आहे, म्हणजे ते मोहरीसारखं नाकात चढणारं पांढरं मूळ. मूळ चांगलं जाडजूड निघालं, पण सॉस केला तर चव नुसती पिठुळ. झणका नाहीच. 24 तारखेला लोक जेवायला येणार आहेत. बाटली आणा असं कृपया कोणी सांगू नका, सगळ्यांना ‘घरचं आहे’ म्हणून सांगून झालंय. कोणी केलंय का हे?

बाल्कनीशेती
पुण्यात कुठे मिळालं? मी मंडईत विचारलं तर पांढरा मुळा हातात ठेवला. दुकान सांगा ना.

मिठाचा_खडा
राहता कुठे, उपटलं कधी, किसलं कसं, सॉसमध्ये काय काय घातलं? एवढं तरी लिहा. का आम्ही कौल लावायचा?

कीसमकीस
एर्लांगेन, जर्मनी. नोव्हेंबरात उपटलं. सॉस नेहमीचाच.

मिठाचा_खडा
‘नेहमीचा’ कोणाच्या घरचा?

रानमेवा
शेवग्याचं मूळ वापरून बघा. साहेब लोक इथे असताना हॉर्सरॅडिशऐवजी तेच किसून मटणाबरोबर खायचे. शिवाय शेवगा हाडांना चांगला.

मिठाचा_खडा
एर्लांगेनच्या बर्फात शेवगा कुठून आणायचा त्यांनी? आणि शेवग्याचं मूळ खायला सुचवू नका, त्याच्या सालीत विषारी द्रव्यं असतात. शेंगा खा, पाला खा, फुलांची भाजी करा, मूळ राहू दे.

सासर_बायर्न
अहो एर्लांगेनकर, तुमच्या शेजारीच बायर्सडोर्फ आहे, तिथे तर याचं संग्रहालय आहे! या भागात क्रेन म्हणतात त्याला. माझ्या सासूबाई कार्प माशाबरोबर सानेमेररेटिश, म्हणजे क्रीममधलं हॉर्सरॅडिश, करतात: क्रीम हलकं फेटायचं, चिमूट साखर, मीठ, दोन थेंब लिंबू आणि अगदी शेवटी ताजा कीस. गॅस पेटवायचाच नाही. तुम्ही उकळलंत का?

कीसमकीस
हो, क्रीममध्ये घालून रटरटू दिलं. सॉस दाट नको का व्हायला? कीस सकाळीच करून पाण्यात ठेवला होता, काळा पडू नये म्हणून.

इलिनॉयचा_पाटील
मग काय राहणार त्यात! आपण मोहरी फेसतो तेव्हा काय होतं आठवा. अख्खा दाणा चावला तर फारसं काही नाही, फोडणीत तडतडली तर नुसता खमंगपणा, पण गार पाण्यात फेसली की टाळू उघडते. इथेही तेच. मूळ अख्खं असताना त्यात सिनिग्रिन नावाचं द्रव्य एकीकडे आणि मायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) दुसरीकडे असतं. किसलं की पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि त्यातून अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट तयार होतं. तोच तो झणका. पण तो उडून जाणारा आहे, उष्णतेने तर लगेच. तुम्ही सकाळी तयार केलात, दिवसभर पाण्यात भिजवलात आणि उरलेला वाफेवर सोडलात.

उपाय: किसा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग व्हिनेगर आणि मीठ घाला. आंबटाने ती क्रिया थांबते, झणका आहे तिथे टिकतो. लगेच घातलंत तर सौम्य होईल. झाकून फ्रिजमध्ये ठेवा.

आमच्या इथलं कॉलिन्सविल स्वतःला हॉर्सरॅडिशची जागतिक राजधानी म्हणवतं, उत्सवसुद्धा भरतो. मिसिसिपीकाठची काळी जमीन, कडक थंडी, दोन्ही मानवतं त्याला.

सासर_बायर्न
व्हिनेगर बाटलीवाल्यांना लागतं. ताजं मूळ हाताशी असताना कशाला? आमच्याकडे ताटावरच किसतात.

इलिनॉयचा_पाटील
पाहुणे आल्यावर यजमानाने स्वयंपाकघरात रडत किसत बसायचं का?

सासर_बायर्न
खिडकी उघडी ठेवायची की. आणि मिक्सरमध्ये केलंत तर झाकण उघडून वास घ्यायला तोंड खाली नेऊ नका. हे अगदी मनापासून सांगतेय.

मालवणी_तिरफळ
बाकी सगळं ठीक, पण कार्प? गोड्या पाण्यातला, मातकट वासाचा, काट्यांचं जंगल. तिरफळं घालून आमटी केलीत तर एक वेळ समजू शकतो.

सासर_बायर्न
इकडे आइशग्रुंड भागातल्या तळ्यांतला कार्प विकण्याआधी स्वच्छ पाण्यात ठेवतात, मातकटपणा जातो. नावात ‘र’ असलेल्या महिन्यांतच खातात, सप्टेंबर ते एप्रिल. निळा कार्प करताना खवलेही काढत नाहीत. वरचा बुळबुळीत थर तसाच ठेवून त्यावर गरम व्हिनेगर ओतलं की मासा निळसर होतो.

मालवणी_तिरफळ
बुळबुळीत थर तसाच??? मी निघालो.

कीसमकीस
मासा कोणता ते माझं मी बघतो. अजून थोडं मूळ जमिनीत आहे. ते आत्ता काढू की 24 ला? आणि पुढच्या वर्षी जाड यायला काय करू? यंदाचं एक सोडून बाकी सगळी शेपटं आहेत.

इलिनॉयचा_पाटील
जमीन गोठण्याआधी काढून घ्या. न धुता, ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. किसायच्या वेळीच सोला. आत हिरवट किंवा पिठूळ झालेला भाग असेल तर टाकून द्या.

बारीक मुळं मात्र फेकू नका. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब निवडा. वरचं टोक सरळ कापा, खालचं तिरकं, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. ओलसर वाळूत गारव्याला ठेवा आणि मार्च-एप्रिलमध्ये लावा.

सासर_बायर्न
आमच्याकडे त्याला फेक्सर म्हणतात. उभं नाही, आडवं-तिरकं लावायचं. उन्हाळ्यात माती बाजूला करून वरच्या अंगाची बारीक मुळं फडक्याने पुसून काढायची, फक्त तळाची ठेवायची आणि परत माती ओढायची. तसं केलं की एकच मूळ पोसतं. पानांवर कोबीवरच्या हिरव्या अळ्या पडतील, त्या वेचा.

आणि बिनबुडाच्या बादलीत वगैरे लावा हो. जमिनीत राहिलेला बोटभर तुकडासुद्धा फुटतो. आमच्या शेजाऱ्यांनी पेरूसारखा प्रेमाने लावला होता, आता त्यांच्या गुलाबात क्रेन, गवतात क्रेन, आमच्या कुंपणाखालीही क्रेन.

कीसमकीस
उशीर झाला. मी भाज्यांच्या वाफ्यातच लावलंय. व्हिनेगर कोणतं, सफरचंदाचं चालेल का?

इलिनॉयचा_पाटील
चालेल, रंग थोडा मळका येतो. पांढरं असेल तर ते घ्या.

बाल्कनीशेती
पुण्यात मूळ कुठे मिळेल ते कोणीच सांगितलं नाही. कुंडीत येईल का?

मिठाचा_खडा
पाला येईल. त्याला थंडीची झोप लागते, ती पुण्यात कुठून देणार? तोवर मोहरी फेसा.