तलावावरच्या स्वयंसेवी बचाव पथकासाठी बोटघर, उतार, साहित्य : सरकारी निधी कुठून आणि कसा मिळतो?

तलावकाठ_नागपूर (प्रश्न)

नमस्कार. पश्चिम नागपुरातल्या एका तलावाकाठी आमचं स्वयंसेवी जीवरक्षक पथक आहे. कागदपत्रांचं काम मी बघते. संस्था सोसायटी नोंदणीच्या १८६० च्या आणि सार्वजनिक न्यासांच्या १९५० च्या, अशा दोन्ही कायद्यांखाली नोंदलेली आहे, ऑडिट दरवर्षी होतं. पावसाळा, गणपती-दुर्गा विसर्जन आणि रविवारची गर्दी, या वेळी आमची मुलं-मुली काठावर असतात.

सध्या बारा बाय वीस फुटांची टिनाची शेड आहे, तीही महापालिकेच्या तोंडी परवानगीवर. साडेचार मीटरची हवेची रबरी बोट, २५ एचपीचं इंजिन आणि १४ लाइफ जॅकेट आहेत, त्यातल्या निम्म्यांचे पट्टे सडलेत. जोराचा पाऊस आला की शेडमध्ये घोटाभर पाणी साचतं. बोट सहा जणांनी उचलून चिखलातून न्यावी लागते. मुलींना कपडे बदलायला जागा नाही, संडास नाही.

पक्कं बोटघर, पाण्यात उतरणारा सिमेंटचा उतार, प्रथमोपचाराची खोली, मुलींसाठी वेगळी खोली आणि संडास, नवीन साहित्य असं सगळं मिळून आर्किटेक्टनं १८ लाखांचा अंदाज दिलाय. अर्ज घेऊन गेलं की एक कार्यालय दुसऱ्याकडे पाठवतं आणि दुसरं परत पहिल्याकडे. नेमक्या कोणत्या शीर्षाखाली, म्हणजे सरकारी खर्चाच्या कोणत्या सदराखाली मागायचं? पैसे संस्थेच्या खात्यात येतात का? कागद कोणते लावायचे?

योजना_शीर्ष

ताई, १८ लाखांचा एकच अर्ज आहे म्हणूनच तो फिरून राहिला. त्यात बांधकाम आहे, साहित्य आहे, आणि प्रशिक्षण धरलं असेल तर तेही. या तिन्हींचे पैसे वेगवेगळ्या शीर्षांतून येतात आणि मंजुरी देणारेही वेगळे असतात. एकत्र अर्ज पाहिला की प्रत्येक टेबलावर "हे आमच्याकडे बसत नाही" हे उत्तर खरंच असतं. तीन प्रस्ताव करा.

बांधकामासाठी आमदार स्थानिक विकास कार्यक्रम किंवा खासदार निधी बघा. दोन्हींत वर्षाला प्रत्येकी ५ कोटी असतात. लोकप्रतिनिधी फक्त शिफारस करतात. मंजुरी जिल्हा प्रशासन देतं आणि काम शासकीय यंत्रणा करते, म्हणजे महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा नागपूर सुधार प्रन्यास. तुमच्या खात्यात पैसे येणार नाहीत, आणि तसा हट्टही धरू नका. मालमत्ता सार्वजनिक राहिली तर मंजुरीला अडथळा कमी. खासदार निधीतून संस्थेच्या मालकीच्या जागेवरही काम होऊ शकतं, पण त्याला संस्थेची किमान तीन वर्षांची नोंदणी लागते, शिवाय बऱ्याच अटी आहेत. तुमची स्वतःची जागा नसल्यामुळे ती वाट सोडूनच द्या.

साहित्यासाठी आपत्ती व्यवस्थापनाचा निधी बघा. १५ व्या वित्त आयोगानं २०२१-२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीची वाटणी ८०:२० केली, म्हणजे ८० टक्के प्रतिसादासाठी आणि २० टक्के सौम्यीकरणासाठी, म्हणजे आपत्तीचा धोका आधीच कमी करण्यासाठी. त्या ८० मधले १०, म्हणजे एकूण निधीचे १० टक्के, पूर्वतयारी आणि क्षमताबांधणीसाठी ठेवले. बोट, जॅकेट, दोर या भागात बसतात. प्रस्ताव जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो, त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. २०२५ च्या कायदादुरुस्तीनं महापालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचीही तरतूद केली आहे आणि त्याचे अध्यक्ष महापालिका आयुक्त असतात. त्यामुळे अर्जाची एक प्रत आयुक्तांच्या नावे द्याच.

इथे एक मेख आहे. साहित्य शासन खरेदी करतं आणि ते अग्निशमन विभागाच्या साठा नोंदवहीत चढतं. तुम्हाला ते वापरायला मिळतं ते ताबा पावतीवर. म्हणून प्रस्तावातच लिहा की साहित्य तलावाकाठच्या बोटघरातच राहील आणि दर महिन्याला त्याची तपासणी अग्निशमन अधिकाऱ्यासमोर होईल. हे वाक्य नसलं तर बोट फायर स्टेशनच्या आवारात जाऊन पडते, आणि बुडणाऱ्याला ती वेळेत मिळत नाही.

जिल्हा वार्षिक योजनेतली नाविन्यपूर्ण योजना हा तिसरा मार्ग. प्रस्ताव एप्रिल-मेमध्ये द्या. न वापरलेला निधी ३१ मार्चला व्यपगत होतो, म्हणजे हातचा जातो. डिसेंबरपर्यंत प्रशासकीय मान्यता नसेल तर मग तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश तीन महिन्यांत बसत नाहीत. मध्ये निवडणुकीची आचारसंहिता लागली तर नवीन काम सुरूच करता येत नाही, हे वेळापत्रकात आधीच धरा.

आखीव_पत्रिका

वरचं सगळं बरोबर आहे, पण त्याच्या आधी जागा. तोंडी परवानगीवर एक रुपयाही मंजूर होत नाही.

नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका (शहरातल्या जमिनीच्या मालकीचा उतारा) आणि मोजणी नकाशा काढा. तलावाचं पाणी एका यंत्रणेचं, काठ दुसरीचा आणि रस्ता तिसरीचा, असं आपल्याकडे सर्रास असतं. नाहरकत प्रमाणपत्र ज्याचं नाव पत्रिकेवर आहे त्याचंच लागतं. शेजारच्या यंत्रणेचं आणलं तर फाइल तांत्रिक मान्यतेला अडकते, तोवर सहा महिने गेलेले असतात.

महापालिकेची जागा भाडेपट्ट्यानं मागू नका. ते महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७९ मध्ये जातं आणि बाजारभावाचा प्रश्न उभा राहतो. त्यापेक्षा बोटघर महापालिकेनं बांधावं, मालकी तिचीच ठेवावी, आणि पथकासोबत वापर व देखभालीचा करारनामा करावा. करारात वीजबिल कोण भरणार, संडासाची सफाई कोण करणार, किल्ली कोणाकडे आणि पथक नसताना इमारत कोण वापरणार हे लिहून घ्या. किल्लीचा मुद्दा छोटा वाटतो, पण रात्री बोट बाहेर काढायची तर तोच मोठा.

तलाव कोणता हे लिहिलं नाही, त्यानं फरक पडतो. अंबाझरी असेल तर २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर सांडव्यासमोरच्या बांधकामांचा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. तिथे बंधारा, सांडवा आणि प्रवाहाच्या वाटेपासून लांबची जागा निवडा. जलसंपदा विभागाचं मत लेखी घ्या. फुटाळा तलावाच्या बांधकामांचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांत पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्क्या बांधकामाला मनाई आहे, बोट लावायच्या धक्क्याला मात्र सूट आहे. तुमच्या तलावाला हा नियम लागू होतो की नाही हे तुम्ही ठरवू नका, यंत्रणेकडून लिहून घ्या. सगळ्यात सोपं म्हणजे इमारत ५० मीटरच्या बाहेर आणि पाण्यापर्यंत फक्त उतार.

ताळेबंद

कागदांचं सांगतो. नोंदणी प्रमाणपत्र आणि परिशिष्ट एकचा (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा) उतारा तर लागतोच, पण अडतं ते फेरफार अर्जावर. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत १९५० च्या कायद्याच्या कलम २२ खाली धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो प्रलंबित असला तर सही करणाऱ्या अध्यक्षांचं नाव परिशिष्टावर दिसत नाही आणि करारनामाच होत नाही. निवडणूक झाली असेल तर आजच तपासा.

घटनेतले उद्देश वाचा. नुसतं "समाजसेवा करणे" असेल तर छाननीत विचारतात. पाण्यातील जीवरक्षण, प्रथमोपचार, आपत्तीत मदत असे शब्द उद्देशात हवेत. नसतील तर घटनादुरुस्तीला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो आणि पुढची प्रक्रिया वेळखाऊ आहे, तेव्हा ती आधी सुरू करा.

मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद अनुसूची आठ आणि नऊच्या नमुन्यात, आयकर सवलतीची बारा-ए आणि ऐंशी-जी प्रमाणपत्रं, पॅन आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, हे सगळं एका फाइलीत ठेवा. कंपन्यांचा सामाजिक निधी (सीएसआर) घ्यायला लागणारा सीएसआर-१ क्रमांकही काढून ठेवा. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्चावे लागतात, आणि अनुसूची सातमध्ये आपत्ती व्यवस्थापन आहेच. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइल या दोन्ही सरकारी कंपन्यांची मुख्यालयं नागपुरातच आहेत. शासन जे देत नाही ते तिथे मागा : इंजिनाची दुरुस्ती, विमा, प्रशिक्षणाचा प्रवासखर्च. तेच बिल दोन ठिकाणी कधीही लावू नका. उपयोगिता प्रमाणपत्रात (पैसे कशावर खर्च झाले त्याच्या दाखल्यात) ते दिसतं, आणि एकदा दिसलं की पुढचे दरवाजे बंद.

संस्थेच्या खात्यात कुठलंही अनुदान आलं तर त्याचं बँक खाते वेगळं ठेवा आणि त्यावर मिळालेलं व्याजही दाखवा. उपयोगिता प्रमाणपत्रासोबत मालमत्ता नोंदवहीचं पान जोडा, त्यावर बोटीचा हल क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक असावा.

ओबीएम_मेकॅनिक

आर्किटेक्टच्या नकाशात काय पाहायचं ते सांगतो, कारण मंजूर झालेलं बोटघर नंतर निरुपयोगी ठरण्याची कारणं नेहमी तीच असतात.

उतार १:८ चा ठेवा, रुंदी साडेतीन मीटर. उन्हाळा आणि पावसाळा यांत पाण्याच्या पातळीत दीड मीटर फरक असेल तर उतार किमान बारा मीटर लांब लागतो. त्याचं खालचं टोक मे महिन्यातल्या पाण्याच्याही खाली गेलं पाहिजे, नाहीतर ऐन उन्हाळ्यात बोटीचा ट्रेलर काँक्रीटच्या काठावरून चिखलात पडतो. काँक्रीट १५० मिमी जाड, एम-२५ प्रतीचं, दोन्ही दिशांना सळई. वर माशाच्या काट्यासारख्या तिरप्या खाचा ओल्या काँक्रीटमध्येच पाडून घ्या. गुळगुळीत उतारावर शेवाळ धरलं की माणूस उभा राहत नाही. खालच्या टोकाला रेतीच्या पोत्यांचा बांध घालून पाणी उपसावं लागतं, ती बाब अंदाजपत्रकात वेगळी दाखवा. ती राहून गेली तर कंत्राटदार उतार पाण्याच्या काठाशीच संपवतो. काम मेमध्ये होणार, म्हणून ओतकाम संध्याकाळी करा आणि ओल्या पोत्यांखाली सात दिवस ठेवा. आपल्या उन्हात काँक्रीट पहिल्याच दिवशी तडकतं.

बोटघर साडेसात बाय साडेचार मीटर पुरे. जोतं माहीत असलेल्या सर्वात उंच पाण्यापेक्षा ४५० मिमी वर ठेवा. छत नुसत्या पत्र्याचं नको, मधे उष्णतारोधक थर आणि वर फिरते पंखे हवेत. ४५ अंशांत पत्र्याखाली रबरी बोटीच्या नळ्यांतली हवा फुगते आणि जोड सुटतात. उन्हाळ्यात हवा दोन-तृतीयांशच ठेवा. दाराखाली उंदरांसाठी जाळीची पट्टी लावा, उंदरानं कुरतडलेली नळी पाण्यात गेल्यावरच कळते. पेट्रोल विक्रीसाठी नसेल तर ३० लिटरपर्यंत परवाना लागत नाही, पण ते वेगळ्या, बाहेरून हवा येणाऱ्या कपाटात ठेवा. चार्जिंगच्या जागेजवळ ठेवू नका. विजेला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच.

इंजिन. जलपर्णीत शिरलं की इंजिन थंड ठेवणारं पाणी आत घेणारी जाळी बुजते. इंजिनाच्या मागून पाण्याची जी बारीक धार पडते ती थांबली की लगेच बंद करा. विसर्जनानंतर पाण्यात चुनऱ्या, दोर आणि मूर्तीच्या लाकडी चौकटी असतात. त्यांच्या खिळ्यांनी नळी फाटते, म्हणून मूर्तींच्या भागात इंजिन वर उचलून वल्ह्यानं जा. काम झालं की कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून मगच ठेवा. इथेनॉलचं पेट्रोल पाणी शोषतं आणि दोन महिन्यांनी इंजिन सुरू होत नाही. पंपाचं रबरी चाक दरवर्षी बदला.

साहित्याच्या यादीत "लाइफ जॅकेट, ३० नग" एवढंच लिहिलं तर जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर सगळ्यात कमी दराचा पुरवठादार थर्माकोलचं देतो आणि नाकारायला तुमच्याकडे आधार राहत नाही. स्वयंसेवकांसाठी आयएसओ १२४०२-५, ५० न्यूटन (तरंगवण्याची ताकद), कारण त्यांना पोहायचं असतं. वाचवलेल्या माणसासाठी आणि बोटीतल्या प्रवाशासाठी १०० न्यूटन, १२४०२-४. सोबत २० मीटरच्या फेकदोर पिशव्या आठ, दोर पाण्यावर तरंगणारा हवा. रेस्क्यू ट्यूब सहा, जखमीला झोपवून उचलायचा पाठीचा बोर्ड एक, मास्कसह ऑक्सिजन सिलिंडर, एईडी (हृदय पुन्हा चालू करायला झटका देणारं यंत्र). पैसे कमी पडले तर दुसरी बोट काढा, फेकदोर काढू नका. काठापासून दहा-पंधरा मीटरवर बुडणाऱ्याला बोट पोहोचायच्या आत दोर पोहोचतो.

तलावकाठ_नागपूर

खूप आभार सगळ्यांचे. जागा महापालिकेच्या नावावर आहे असं आम्ही समजून चाललो होतो, आता पत्रिका काढतो. एक राहिलं : आपदा मित्र प्रशिक्षणासाठी पथकानं अर्ज करायचा का? आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या जीवरक्षक क्लबांच्या याद्या नेटवर आहेत, त्या जोडल्या तर चालतील?

योजना_शीर्ष

आपदा मित्र ही राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची योजना आहे. निवड जिल्हा प्रशासन करतं, संस्था फक्त नावं सुचवते. प्रशिक्षण १२ दिवसांचं असतं आणि स्वयंसेवकाला व्यक्तिगत किट मिळतं. ते किट पथकाच्या साहित्यात धरू नका. बोट चालवायला आणि पाण्यातून जीव वाचवायला गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेचे अभ्यासक्रम आहेत. किमान दोघांकडे ते प्रमाणपत्र असलं की साहित्याच्या प्रस्तावाला वजन येतं. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी नागपुरातच आहे. त्यांच्यासोबत किंवा अग्निशमन विभागासोबत एक संयुक्त सराव करा आणि त्याचा सहीशिक्क्याचा अहवाल जोडा.

किनाऱ्याची यादी जोडू नका. ऑस्ट्रेलियात अशा क्लबांच्या इमारतींसाठी राज्य सरकारांचे वेगळे अनुदान कार्यक्रम आहेत, आपल्याकडे तसं शीर्ष नाही. लाटांसाठीचे बोर्ड, भरतीचे झेंडे असं काही यादीत दिसलं की छाननी करणाऱ्याला कळतं की यादी उतरवलेली आहे. त्याऐवजी तुमच्या नोंदवहीतून मागच्या पावसाळ्यांच्या घटना द्या : तारीख, वेळ, काठापासून अंतर, काय वापरलं, काय नव्हतं. तुमच्या मागणीचा आधार तोच.

आखीव_पत्रिका

पत्रिका काढताना सोबत विकास योजनेचा भाग-नकाशाही घ्या. तिथे आरक्षण किंवा हरितपट्टा दाखवला असेल तर संडासासकट इमारत बसते की नाही हे नगररचना विभागाकडून अर्जाआधीच विचारा. मुलींची खोली आणि संडास अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून दाखवा आणि ती सगळ्यात वर ठेवा. निधी कमी आला की शेवटची बाब कापली जाते.