वेचणीच्या दिवसांत देवात विसावा घ्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

कापूसवाट (यवतमाळ जिल्हा) :
जय ख्रिस्त. वेचणी सुरू आहे, मजूर रोज भेटत नाही. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर थ्री फेज लाइन कधी दिवसा, कधी रात्री. त्यात बँकेची नोटीस आलेली. डोयाले डोया लागत नाही. 'प्रभूमध्ये विसावा घ्या, तोच आपला आश्रय' हे दर उपदेशात ऐकतो आणि मनापासून मानतो. पण घ्यायचा म्हणजे करायचं काय? गुडघे टेकले की कर्जाचाच हिशेब सुरू होतो. रविवारी शेत बंद ठेवायचं का? चर्च तालुक्याला आहे, गावात ख्रिस्ती घरं दोनच. दारावर स्तोत्र 91 लावलेलं आहे. जाणकारांनी नेमकं सांगा जी.

दिवेलागण :
भाऊ, आधी रविवारचं बोलू. निर्गम 34:21 काढून वाचा. सातव्या दिवशी विसावा घ्या एवढंच तिथे नाही, नांगरणीच्या आणि कापणीच्या हंगामातही घ्या असं मुद्दाम सांगितलंय. ज्या दिवसांत सुट्टी परवडत नाही असं वाटतं, नेमक्या त्याच दिवसांचं नाव देवानं घेतलंय. आपण रविवार पाळतो तो पुनरुत्थानाचा दिवस म्हणून, तारण कमावायला नाही. म्हणून त्याचा धाक नको, पण त्या आज्ञेतलं शहाणपणही सोडू नका.

आता शेताचं. फुटलेलं बोंड एक दिवस झाडावर राहिलं म्हणून कापूस बिघडत नाही, दोन वेच्यांत तसंही पंधरा-वीस दिवस जातात. बिघडतो तो पावसानं, किंवा दव सुकायच्या आत वेचल्यामुळे. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि 12 च्या वर माल घेत नाहीत. म्हणून आभाळ स्वच्छ असेल तर रविवारी वेचणी बंद ठेवा. आभाळ भरून आलं आणि वेचलेला कापूस किंवा सोयाबीनची गंजी उघड्यावर असेल, तर बिनघोर झाका, आत घ्या. बैल विहिरीत पडला तर शब्बाथ म्हणजे विसाव्याच्या दिवशीही काढाल ना, असं प्रभूनंच लूक 14:5 मध्ये विचारलंय. मात्र दर रविवारी अशीच निकड निघत असेल तर चूक शनिवारच्या नियोजनात आहे.

शनिवार महत्त्वाचा. निर्गम 16 मध्ये मान्ना, म्हणजे रानात देवानं दिलेलं अन्न, सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितलं, माणशी दोन ओमर (ओमर हे माप). तरीही काही लोक सातव्या दिवशी रानात गेले आणि हात हलवत परत आले. तुमच्या घरी त्याचा अर्थ असा: जनावरांचा कडबा-कुटार, पिण्याचं पाणी, सरपण, दळण, सगळं शनिवारी दिवेलागणीच्या आत. दिवेलागणीला विसावा सुरू करा, दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला संपवा. यहूदाचा अधिपती नहेम्या, त्यानंही यरुशलेमच्या वेशी शब्बाथाच्या आदल्या संध्याकाळीच बंद करवल्या होत्या (नहेम्या 13:19). शनिवारी रात्रीच पाण्याची पाळी आली तर आधी झोप काढा आणि रविवार दुपारपासून मोजा.

आणखी एक, हे बहुतेक घरांत चुकतं. रविवारी मटण, पाहुणे, मुलांचे डोक्यावरून न्हाणं, म्हणजे घरच्या बाईचं काम दुप्पट. अनुवाद 5:14-15 मध्ये दास, दासी, बैल, गाढव, सगळ्यांना विसावा सांगितलाय. कारणही दिलंय, तुम्ही मिसरात गुलाम होता हे आठवा. ज्या घरात एकाचा विसावा दुसऱ्याच्या पाठीवर चालतो तिथे आज्ञा मोडलीच. रविवारी पिठलं-भाकर पुरते. वेचणाऱ्या बायांचा हिशेबही ठरल्या दिवशी चुकता करा, रविवारी त्यांना मजुरी मागायला तुमच्या दारात यावं लागू नये.

ओवाळीचं रान :
गुडघे टेकल्यावर कर्जाचा हिशेब सुरू होतो, त्याला अडवू नका. त्याचीच प्रार्थना करा. २ राजे 19:14 पाहा: अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र यहूदाचा राजा हिज्कीया याला मिळालं. तो ते घेऊन मंदिरात गेला आणि परमेश्वरापुढे पसरलं. बँकेची नोटीस तशीच घ्या. ट्रंकेतून काढा, जमिनीवर उलगडून ठेवा, रक्कम आणि तारीख मोठ्यानं वाचा, आणि 'प्रभू, हे तू पाहा' एवढं म्हणा. चिंता मोघम ठेवली की ती रात्रभर फिरत राहते. आकडा, तारीख, माणूस अशी नावानं सांगितली की तिला हद्द पडते.

शब्द सुचत नसतील तर स्तोत्र 13 घ्या. सहाच वचनं आहेत आणि त्यांची बांधणी शिकण्यासारखी आहे. पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा 'कोठवर' विचारतो. तिसऱ्या-चौथ्यात सरळ मागणं आहे. पाचव्या-सहाव्यात भरवसा. लोक घाईनं भरवशावर उडी मारतात, तक्रार म्हणजे अविश्वास असं त्यांना वाटतं, म्हणून प्रार्थना वरवरची राहते. आपल्याला जितके 'कोठवर' विचारायचे तितके विचारा, मगच पुढे जा. एखाद्या दिवशी भरवशाचे शब्द निघालेच नाहीत तर स्तोत्र 88 आहे. ते अंधारातच संपतं आणि तरीही पवित्र शास्त्रात आहे.

मग नोटीस घडी घालून ठेवा आणि उद्याचं एकच काम कागदावर लिहा. 'बँकेत जाऊन कर्जाच्या पुनर्गठनाचं विचारायचं, सातबारा आणि पासबुक सोबत न्यायचं', इतकं स्पष्ट. हिज्कीयानं पत्र देवापुढे पसरलं, यशया संदेष्ट्याकडे माणसंही पाठवली, शहरात पाणी आणायला तलाव आणि पाट बांधला (२ राजे 20:20). आश्रय घेतला म्हणजे हात बांधून बसायचं असं शास्त्रात कुठेच नाही. मत्तय 11:29 मध्येही प्रभू जू काढून ठेवा म्हणत नाही, माझं जू घ्या म्हणतो.

झोपताना स्तोत्र 4, 91 आणि 134 म्हणा. संत बेनेडिक्टनं मठवासीयांसाठी लिहिलेल्या सहाव्या शतकातल्या नियमावलीत रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेला हीच तीन दिलेली आहेत. मिळून 27 वचनं, सावकाश वाचली तरी पाचेक मिनिटं. मोबाईल त्याआधीच दूर ठेवा. स्तोत्रानंतर कापसाच्या भावाचे मेसेज पाहिले की डोकं पुन्हा बाजारात जातं.

शरणपूर मार्ग :
वरचं सगळं मान्य, पण स्तोत्र 91 बद्दल थोडं कडक बोलतो. ते दारावर लावायला हरकत नाही, पण ताईत समजून लावू नका. मत्तय 4:6 मध्ये सैतानानं प्रभूपुढे हेच स्तोत्र वापरलं: मंदिराच्या टोकावरून उडी टाक, दूत झेलतील. प्रभूनं नकार दिला. पीक बुडणार नाही, साप चावणार नाही, अशी हमी त्यातून काढली की पहिल्या अळीलाच विश्वास डगमगतो. पंधरावं वचन वाचा. 'संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन' असं वचन आहे, म्हणजे संकट येणार हे त्यात धरलेलंच आहे.

दुसरं, 'इतकी देणगी पेरा, कर्ज फिटेल' असं सांगणाऱ्या सभांपासून दूर राहा. विसावा विकत मिळत नाही. यशया 55:1 मध्ये पैशांवाचून, मोलावाचून या असं आमंत्रण आहे. बियाण्याचे पैसे तिथे देऊ नका, उसनवारी करून तर मुळीच नाही.

आणि एकटे राहू नका. गणना 35 मध्ये सहा शरणपुरं नेमली, म्हणजे चुकून हातून माणूस मेला तर पळून जाऊन आश्रय घ्यायची नगरं; यार्देन नदीच्या अलीकडे तीन, पलीकडे तीन, इस्राएली असो की परदेशी, सगळ्यांसाठी. अनुवाद 19:3 मध्ये तिकडे जाणारे रस्ते तयार ठेवायला सांगितलंय, म्हणजे पळणाऱ्याला पोहोचता यावं. मंडळीनं आज तेच करायला हवं. गावात दोन घरं आहेत ना? दोघा-तिघांमध्ये मी आहे, हे मत्तय 18:20 पुरेसं आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ, अर्धा तास: एक गीत, एक स्तोत्र, एकमेकांची अडचण नावानं, मग प्रार्थना. पाळकांना महिन्यातून एकदा प्रभुभोजनासाठी गावात यायला सांगा. मागितल्याशिवाय त्यांना कळत नाही.

झोप कित्येक आठवडे गेली असेल, जेवण तुटलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर १ राजे 19 वाचा. एलिया संदेष्ट्यानं रतामाच्या झुडपाखाली मरण मागितलं. देवानं त्याला रागावलं नाही. दूतानं भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. 'तू येथे काय करतोस?' हा प्रश्न त्यानंतर बराच पुढे, होरेब डोंगरावर आला. तेव्हा आधी जेवण आणि झोप, घरच्यांना सांगणं, आणि डॉक्टर. 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर चोवीस तास, फुकट आहे. तिथे फोन केल्यानं विश्वास कमी ठरत नाही. मरणाचा विचार येत असेल तर घरात कीटकनाशकाचे डबे ठेवू नका, आजच दुसऱ्याच्या ताब्यात द्या.

कापूसवाट :
फार आभार. तो विचार अजून नाही, पण डबे आजच हलवतो. एक राहिलं. रानडुकरांसाठी रात्री मळ्यावर जागल असते. तिथे पुस्तक वाचायला उजेड नाही, टॉर्च लावली की कामाला पुरत नाही. तेव्हा काय?

ओवाळीचं रान :
जागलीला स्तोत्र 121 पाठ करा. आठच वचनं आहेत, इस्राएलाचा रक्षक झोप किंवा डुलकी घेत नाही हे त्याच स्तोत्रात आहे. घरून निघताना दोन वचनं चार-पाच वेळा मोठ्यानं वाचा, मळ्यावर बसल्यावर न पाहता म्हणा. अडलं तर सोडून पुढचं म्हणा, घरी गेल्यावर तपासा. दुसऱ्या रात्री आधीची दोन म्हणूनच पुढची दोन घ्या, चार रात्रींत पूर्ण होतं. डबा वाजवून फेरी मारून आलात की एकदा, असं धरलं तर वेगळी वेळ काढावी लागत नाही. पाठ झालं की स्तोत्र 131 घ्या, ते तीनच वचनांचं आहे.